मीठ बघतेस?

ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. दोनशे माणसांच्या जेवणातलं मीठ ती तळहातावरच्या एका थेंबावरून सांगायची. घरी नवऱ्याने कधी पातेलं चढवलंच, तर थेंब चाटून त्याची बिनपाण्याने करायची. तिसऱ्या केमोनंतर तिच्या जिभेला सगळं लोखंडासारखं लागू लागलं. आता रोज तोच रांधतो, पळी घेऊन ओट्यासमोरच्या कॉटपाशी येतो. "मीठ बघतेस?" खारट असो की अळणी, ती थेंब चाटून म्हणते, "बरोबर आहे." तिच्या ओरडण्यावाचून घर सुनं झालंय. आज त्याने सूपमध्ये मुद्दामच मीठ घातलं नाही. तिने थेंब चाटला. "बरोबर आहे." तो जेवायला बसला. दुसऱ्या चमच्याला मागून आवाज आला, "मिठाची बरणी सकाळपासून जागची हललेली नाही. जीभ गेलीय माझी, डोळे नाहीत गेले." त्याने चमचा खाली ठेवला. "अजून बोल," तो म्हणाला.