न्हाणीघराचा पडदा

“कट्ट्याच्या आत सोडायचा की बाहेर?” पडदेवाल्या बाईने विचारलं.

प्रश्न कळायला तिला जरा वेळच लागला. हल्ली सगळेच प्रश्न तिच्याकडे लांबून चालत आल्यासारखे यायचे.

“आत सोडला की पाणी आतच राहतं,” बाई समजुतीने म्हणाली. “बाहेरून दिसायला छान दिसेल, पण ओघळ फरशीवर येणारच.”

“आतच. फरशीवर थेंबसुद्धा नको.”

शॉवरच्या कोपऱ्याला वीतभर उंचीचा कट्टा होता. त्याच्या अलीकडची फरशी पांढरी, गुळगुळीत. तिथेच तिच्या नवऱ्याचा पाय घसरला, बेसिनची कड डोक्याला लागली आणि सगळं संपलं. तेव्हापासून लेक न्हाणीघरात पाऊल टाकत नव्हती. रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या काकूंकडे अंघोळीला जायची. शेवटी काकूच म्हणाल्या, “अगं, एक पडदा तरी लावून टाक. जागा निराळी दिसली की येईल पोर हळूहळू.”

म्हणून तिने दुकानात फोन केला होता.

“माणूस पाठवतो म्हणाले होते,” काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

“तोच यायचा होता. मी पत्ता पाहिला आणि म्हटलं, राहू दे, मी जाते.”

जवळच राहत असेल, तिला वाटलं.

बाईने पिशवीतून दोन दांड्या काढल्या. “ही स्प्रिंगची. दोन भिंतींमध्ये नुसती दाबून बसते, भोकं पाडायला नकोत. पण कुणाचा तोल गेला आणि पडदा धरला, की दांडीसकट खाली. ही स्क्रूची. ही हलत नाही.”

“हीच द्या.”

बाई स्टुलावर चढली आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. मोजपट्टी तिने नंतर लावली.

“एवढ्या वर?”

“उंच माणसाच्या कपाळाला लागायला नको.”

“उंच माणूस आता नाही घरात कुणी.”

बाईचा हात थांबला. मग तिने अंगठ्याने ती खूण पुसली. पुसली गेली तरी पुसतच राहिली.

“हाताला सवय झालीय हो, वहिनी,” ती म्हणाली.

ड्रिल सुरू झालं. तिला तो आवाज बरा वाटला. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

“ही ठोकाठोक कुठे शिकलात, ताई?” आवाज थांबल्यावर तिने विचारलं.

“घरातच. आमचे हे कायम फिरतीवर. एका खिळ्यासाठी किती वाट बघत बसणार?”

“आमच्याकडे तीच तऱ्हा. निम्मा महिना बाहेरच असायचे.”

“हो,” बाई म्हणाली आणि दुसरा स्क्रू पिळू लागली.

लेक दाराशी येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर, पायाची बोटं मागे ओढून.

“ह्या पडद्यावर मासे का नाहीत?” पिशवीतल्या घडीकडे बोट दाखवत तिने विचारलं.

“मासे होते, पण पोहून गेले,” बाई म्हणाली.

“खोटं!”

“बरं, खोटं.” बाईने वळून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. “हे नाक कुणाचं घेतलंस गं?”

“बाबांचं.”

“वाटलंच.”

लेक खुदकन हसली आणि पळाली. या दारात ती कितीतरी दिवसांनी हसली होती. आपल्यालाही बरं वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटलं काहीच नाही.

बाईने घडी उलगडली. साधा, दुधी रंगाचा पडदा. असाच तिला हवा होता, लग्न झाल्यापासून. किती वेळा तिने विषय काढला असेल! प्रत्येक वेळी दार सताड उघडं ठेवून, गाणी म्हणत, अख्ख्या न्हाणीघरात तळं करत हे अंघोळ करायचे आणि डोक्यावरचा फेस निपटत म्हणायचे, “पडद्याआड उभं राहायला मी काय नाटकातला नट आहे का, राणीसरकार?”

हे वाक्य तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक हसले असते, नाहीतर रडले असते. तिला दोन्ही नको होतं. बाकीचं सगळं वाटून झालं होतं. कपडे, चपला, घड्याळ. एवढं एक तिने स्वतःपुरतं ठेवलं होतं.

बाई एकेक कडी दांडीत अडकवू लागली.

“ताई, एक विचारू?”

“विचारा की.”

घरच्यांना विचारायची तिची छाती झाली नव्हती. आपली माणसं मन राखायला खोटं बोलतात. परकी बाई काय ते खरं सांगेल.

“पडदा आधीच असता, तर फरशी कोरडी राहिली असती ना?”

बाईने पुढची कडी अडकवली.

“त्यांना नको होता. पण मी हट्ट धरायला हवा होता. मी आपली हसायचे आणि सोडून द्यायचे. दरवेळी.” तिचा आवाज सपाट होता, वाणसामान सांगितल्यासारखा. “एकदा जरी भांडले असते, तरी आज...”

शेवटची कडी अडकवून बाई खाली उतरली. पडदा ओढून पाहिला. तो सरसर सरकला आणि कट्ट्याच्या आत नीट पडला. मग ती स्टुलावरच बसली, हात मांडीवर ठेवून. पहिल्यांदाच ती दमलेली दिसली.

“तुझी काही चूक नाही गं,” ती म्हणाली. “मी तर भांडले होते. दांडीसुद्धा ठोकली होती माझ्या हाताने. ह्यांनी ती उपटून माळ्यावर टाकली आणि मलाच वर विचारलं, पडद्याआड उभं राहायला मी काय नाटकातला नट आहे का, राणीसरकार?”