देवळाकडचा काठ

चौथ्यांदा तिची ओळ पुसली गेली, तेव्हा रुचिरानं फोन उशीवर आपटला.

ओळ साधीच होती. ऑनलाइन ज्ञानकोशात त्यांच्या खाडीवर एक पान होतं. इथे तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, देवळाकडच्या काठावर मिळतात, असं त्यात ठोकून दिलेलं. साफ खोटं. देवळाकडे नुसता गुडघाभर चिखल, शिंपला म्हणून हाताला लागत नाही. तिसऱ्या मिळतात पलीकडच्या काठावर, उंडीच्या झाडांखालच्या रेवेत. लग्न होऊन चिपळूणहून या घरात आल्यापासून दोन वर्षं रुचिरा ओहोटीला सासूबाईंबरोबर तिथेच वाकून तिसऱ्या काढत होती. शिंपल्यांनी पायांची चाळण झाली होती. त्या पायांपुढे ज्ञानकोशाची काय पत्रास?

पण 'सागरवेळ' नावाचा कुणी संपादक तिच्या मागे हात धुऊन लागला होता. तिनं 'पलीकडच्या' लिहिलं की तासाभरात तो पुन्हा 'देवळाकडच्या' करायचा आणि खाली नियम डकवायचा : छापील संदर्भ द्या. या वेळी तर बजावलं होतं, पुन्हा हात लावलात तर तुमचं खातं बंद करायला सांगेन. कुठल्यातरी शहरात पंख्याखाली बसून हा आम्हाला आमची खाडी शिकवणार, या विचारानं रुचिराचं डोकं फिरलं. दापोलीला नोकरी करणाऱ्या योगिनीला, म्हणजे नणंदेला, तिनं फोनवर सगळं सांगितलं. योगिनी म्हणाली, वहिनी, सोडून द्या ना. सोडून देईल ती रुचिरा कसली.

तिनं ज्ञानकोशाच्या मदतकक्षात चार खरमरीत ओळी लिहिल्या. उत्तर दिलं ते गुरुप्रसाद नावाच्या जुन्या संपादकांनी. पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले, दहा वर्षं फुकट हे काम करणारे गृहस्थ. त्यांनी न कंटाळता समजावलं की इथे डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, छापलेलं चालतं. सागरवेळच्या बाजूनं एका प्राध्यापकाचं १९९२ सालचं पुस्तक आहे. तुमच्या बाजूनं काय आहे?

माझे पाय, असं तिला लिहावंसं वाटलं. तिनं आवरलं.

गुरुप्रसाद मात्र गप्प बसले नाहीत. मुद्दाम एसटीनं चिपळूणला जाऊन त्यांनी ते पुस्तक वाचनालयातून काढलं आणि पानाचा फोटो पाठवला. तळटीप वाचून रुचिरा उडालीच. माहिती सांगणाऱ्या बाईचं नाव होतं धोंडूबाई, वय तेहेतीस. तिच्याच सासूबाई. तिनं ते कळवताच पुढचा मार्गही गुरुप्रसादांनीच सुचवला : प्राध्यापकांनी चुकीचं लिहून घेतलं, एवढं धोंडूबाईंनी स्वतः सांगावं, ओळखीचं एक साप्ताहिक त्यांची मुलाखत छापायला तयार आहे, छापून आली की तोच तुमचा संदर्भ. आता सागरवेळची गाठ होती रुचिराशी.

रविवारी दुपारी धोंडूबाई मागीलदारी विळीवर तिसऱ्या फोडत बसल्या होत्या. रुचिरानं समोर फोन उभा केला, रेकॉर्डिंग लावलं आणि पुस्तकातली ओळ वाचून दाखवली. मास्तरांनी तुमच्या तोंडी भलतंच घातलं, एवढं म्हणा, तिनं शिकवलं.

धोंडूबाईंचा हात थांबला नाही.

"भलता नाय. मी सांगितला तसाच लिवलान त्यानं."

"तुम्ही खोटं सांगितलंत?"

"मग? ठिकाण परक्याला कोन सांगता? माज्या सासूनं मलापन सांगितला नाय. हाताला धरून नेलान."

मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी यंत्राच्या होड्या घेऊन कुणी आले होते. शेजारची खाडी त्यांनी आठ दिवसांत खरवडून नेली. तिथल्या बायका आजही रिकाम्या टोपल्या घेऊन परततात. इथे आले ते ज्ञानकोशाचं पान हातात घेऊनच. दोन दिवस देवळाकडचा चिखल उपसला, यंत्राचं पातं मोडलं, शिव्या घालत गेले. त्या पानावर आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही, असं धोंडूबाई म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात जराही लाज नव्हती.

"मग मला का नाही सांगितलंत, आई? दोन वर्षं झाली मला या घरात."

"तू लिवनारी," धोंडूबाई म्हणाल्या. "लिवनाऱ्याचा भरवसा काय?"

रुचिराला ते लागलं. आणि खरं म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनं ते ठिकाण अख्ख्या जगाला छापून वाटलं असतं. तिनं रेकॉर्डिंग बंद केलं, पुसलं आणि तिथेच बसून मदतकक्षात लिहिलं : 'सासूबाईंना विचारलं. पुस्तकातलं बरोबर आहे. तिसऱ्या देवळाकडेच मिळतात. चूक माझी होती.' आपल्यासाठी एसटीचे धक्के खाल्लेल्या माणसाला फसवताना तिला वाईट वाटलं, फार वाटलं. तरी तिनं एक अक्षर बदललं नाही. नियम त्यांचे असतील. खाडी आमची आहे.

गुरुप्रसादांनी हळहळत उत्तर दिलं, असो, प्रामाणिकपणे मान्य केलंत हे मोठं आहे. रुचिराची मान खाली गेली. ती फोन ठेवणार तेवढ्यात सागरवेळचा खासगी निरोप आला. या वेळी नियमबियम काही नव्हता.

'वहिनी, दमवलंत हो मला. आता राखणीला दोघी झालो.'