अण्णांची पाठ

धाकूने एका हाताने वल्हं धरलं आणि दुसऱ्या हाताने पर्शूला आपल्या गुडघ्यांमध्ये ओढून घेतलं.

"आता तू चालव, पर्शूशेट," तो म्हणाला. "मी दमलो."

चार वर्षांच्या पर्शूने दोन्ही मुठी वल्ह्यावर आवळल्या. होडी ओहोटीच्या ओढीनेच कल्याणहून डोंबिवलीच्या बाजूला चालली होती, पण ते पर्शूला कुठे ठाऊक! तो दात-ओठ खाऊन वल्हं ओढत होता.

समोरच्या फळीवर त्याचा बाप गोपीनाथ बसला होता. त्याच्या मांडीवर थोरल्या भावाची गोदा होती. गोदाला मांडीवर घ्यायला हरकत नव्हती. पुतणीला कुणीही घ्यावं. स्वतःच्या मुलाला वडीलमाणसांसमोर उचलणं मात्र त्या घरात निलाजरेपणाचं समजत. आणि वडीलमाणूस, म्हणजे गोपीनाथचे वडील अण्णा, होडीच्या पुढच्या टोकाला छत्री उघडून बसले होते. आगगाडी येऊन तीस वर्षं झाली, तरी वैशाखात मुलांना आमराईत न्यायचं ते होडीनेच, असा त्यांचा हट्ट होता.

"धाकू, तो पक्षी कुठला?"

"बगला."

"आणि तो?"

"तो पन बगलाच. त्याचा भाऊस."

पर्शू खदखदून हसला.

"गोदे, तो दुसरा बगळा नाही हो," गोपीनाथ जरा मोठ्याने म्हणाला. "तो करकोचा. चोच बघ त्याची. पुस्तकात चित्र आहे, घरी दाखवीन."

गोदाने जांभई दिली. "काका, मला भूक लागली."

पर्शूने ऐकलंच नाही. तो मान मागे टाकून धाकूच्या हनुवटीकडे पाहत होता.

गोपीनाथची नजर धाकूच्या गुडघ्यांवर गेली. काळे, खरबरीत, चिखल वाळून पांढुरके पडलेले गुडघे. खुर्चीच्या हातांना रेलावं तसा पर्शू त्यांना रेलला होता. गोपीनाथने आपल्या धोतराची घडी नीट केली आणि दुसरीकडे पाहिलं. पुन्हा तिकडेच पाहिलं.

मागे बसलेल्या पर्शूच्या आईने, उत्तराने, पदर सावरला. सासऱ्यांसमोर ती नवऱ्याशी बोलत नसे. "गोदे, काकांना म्हणावं, पर्शूची टोपी उडेल. धरा म्हणावं."

गोपीनाथने लगेच हात पुढे केला. तेवढ्यात छत्रीखाली अण्णा खोकले. ते नुसतेच खोकले असतील. खाडीवर वारा होता. पण गोपीनाथचा हात तिथेच थांबला, आणि धाकूने टोपी काढून आपल्या कमरेला खोचली.

डोंबिवलीचा काठ आला तेव्हा पाणी पार उतरलं होतं. होडी चिखलात टेकली. काठ अजून पन्नास पावलं लांब होता. धाकूने खाली उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत रुतला.

"आधी अण्णा, मंग पोरं," तो म्हणाला. "होडी हलकी झाली की वयनींना बसवूनच कडेला वढतो."

"आणि मी?" पर्शूने विचारलं.

"तुजी दुसरी खेप. खांद्यावर."

"खांद्यावर!" पर्शू गोदाला म्हणाला. "मी धाकूच्या खांद्यावर!"

अण्णांनी छत्री मिटली, जोडे हातात घेतले आणि धाकूच्या पाठीवर बसले. धाकू चालू लागला. एक पाय उपसायचा, एक रोवायचा. चिखलातून मोठा आवाज येत होता.

पर्शू होडीच्या कडेला धावला. कड त्याच्या कपाळाएवढी उंच होती. तो टाचा उंच करून पाहू लागला, मग उडी मारून पाहिली. मग तो मागे वळला. गोदाचं ऐकून तोही बापाला काकाच म्हणे. घरात ते कुणी सुधारलं नव्हतं.

"काका, उचल ना. मला धाकू दिसत नाही."

गोपीनाथने चिखलाकडे पाहिलं. अण्णांची पाठ दिसत होती. पांढरा अंगरखा, मान, काखेत छत्री. ते वीस पावलं गेले होते. त्याने गोदाला फळीवर बसवलं. उत्तरा एकाएकी पलीकडच्या काठाकडे पाहू लागली.

त्याने पर्शूला उचललं. त्याला वाटलं होतं त्याहून तो जड होता. एकदम खांद्यावरच घेतलं. दोन लहान टाचा छातीवर आपटल्या, त्या त्याने मुठींत धरल्या. पर्शूने तोल सांभाळायला पगडी पकडली, ती सरकून गोपीनाथच्या एका डोळ्यावर आली. ती सारखी करायला टाच सोडावी लागली असती. त्याने पगडी तशीच राहू दिली.

"धाकू!" पर्शू वरून ओरडला. "धाकू, इकडे बघ! मी तुझ्यापेक्षा उंच!"

धाकू थांबला. हसत, "काय र?" म्हणत तो वळू लागला. तो वळला की पाठीवरचे अण्णाही वळणार होते.

मुलाला खाली ठेवायला हवं होतं. गोपीनाथच्या मुठी सुटल्या नाहीत. वर पर्शू अजून धाकूलाच हाका मारत होता.

अण्णांनी मिटलेली छत्री धाकूच्या दंडाला टेकवली.

"वळू नकोस रे," ते म्हणाले. "सरळ चल. आणि सावकाश. मला घाई नाही."