महाकायांचं पोर

रेब कालमान गुहेत उतरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत खोदकाम करणारी हागित गुडघे टेकून बसली होती, आणि परक्या बाईकडे बघायचं नाही हा त्यांचा नेम. तेव्हा जे काही बोलायचं ते त्यांनी कार्मेल डोंगराच्या खडकाशीच बोलायला सुरुवात केली.

"खाली आमची माणसं रस्ता अडवून बसलीत. मी सांगितलं तर उठतील. नाही सांगितलं तर शनिवारच्या शब्बाथपर्यंत हलायची नाहीत. मला एवढंच सांगा, हे हाड कुणाचं?"

गावातल्या ज्यू दफन मंडळाचे ते प्रमुख. खोदकामात माणसाचं हाड निघालं की ते येणार आणि पुरायला घेऊन जाणार, हे ठरलेलं. मेलेल्याची विटंबना होऊ द्यायची नाही, मग तो कालचा असो की जगाच्या आरंभीचा.

खोदकाम चालवणारे प्रोफेसर अमोत्स हागितच्या कानाशी लागले. "महाकाय होते म्हणून सांग. जलप्रलयात बुडालेले. त्यांना पुरायची सक्ती नाही, असं यांचेच पंडित म्हणतात. म्हातारा तेच ऐकायला आलाय. त्यालाही उन्हात बसायची हौस नाही."

"ही माणसं होती हे दाखवण्यात माझी उमर गेली."

"मग आजच्या दिवस राक्षस होती म्हण. तुझं काय जातंय?"

तिच्यापुढे मातीत एक तान्हं पोर कुशीवर निजलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, डोकं खडकाच्या खोबणीत, कमरेपाशी हरणाचा जबडा. कवटी तिच्या ओंजळीत मावेल एवढी असेल. गेले कित्येक दिवस ती कुंचल्याने माती झाडत होती आणि मनातल्या मनात त्याच्याशी बोलत होती.

"तुमचा तो निअँडरथल मी पाहिलाय," रेब कालमान भिंतीला म्हणाले. "दाताच्या डॉक्टरकडे मासिकात चित्र होतं. पुढे आलेली भुवई, बैलासारखी छाती. आमच्या धर्मग्रंथात आहे, देवपुत्रांनी माणसांच्या मुली बायका म्हणून केल्या, त्यांच्या पोटी महाकाय आले. तेच हे. तुम्ही नुसतं नाव बदललंत."

"ते माझ्यापेक्षा बुटके होते, रेब कालमान."

"हे पोर आहे. वाढलं असतं."

अमोत्स मोठ्याने हसले. हागितला हसू आलं नाही.

"नाही वाढलं," ती म्हणाली. "महिन्याचंही झालं नव्हतं. पण याला कुणी टाकून दिलं नाही. हातांनी उचलून इथं आणून निजवलं. भूक लागली तर म्हणून शेजारी खायला ठेवलं. तरसांनी ओढून नेऊ नये म्हणून वर दगड रचले. हे राक्षसाचं काम नाही."

अमोत्सनी कपाळाला हात लावला. झालं, सगळ्यावर पाणी पडलं.

रेब कालमान वळले, आणि नेम बाजूला ठेवून त्यांनी आधी पोराकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. म्हातारा मनाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"पुरलंय खरं," ते हळूच म्हणाले. "मग माणूसच. आणि माणूस आहे तर त्याला असं उघड्यावर पडू देणार नाही मी. संध्याकाळच्या आत नेतो."

त्यांनी पिशवीतून पांढरं कापड काढलं आणि नीट घडी उलगडली.

"कुठे पुरणार?" हागितने विचारलं.

"महिन्याच्या आतलं म्हणालीस ना. त्यांची जागा वेगळी असते."

"वर दगड?"

"दगड नाही."

"जागा कुणाला सांगता?"

"कुणालाच नाही. पद्धतच आहे तशी, पोरी. सांगितलं तर आया येऊन बसतात, उठतच नाहीत. एवढ्याशाचा शोक करायचा नसतो. आयांच्याच भल्यासाठी आहे ते."

हागितचं बाळ गेलं तेव्हा इस्पितळाच्या दारात असाच एक भला म्हातारा उभा होता. कापडही असंच पांढरंशुभ्र. 'आम्ही बघतो सगळं,' म्हणाला, आणि तिने बाळ त्याच्या हातात दिलं. टाके ओले होते, नवरा रडत होता, कुठे नेताय हे विचारायचं सुचलंच नाही. मागाहून विचारत फिरली तर कुणी दाद देईना. अजून ती त्या दफनभूमीत जाते आणि कडेच्या मोकळ्या जमिनीवरून चालताना पाय जपून टाकते, न जाणो, खाली तेच असेल. मातीच्या रंगावरून हजारो वर्षांची कबर ओळखणारी बाई, आणि तिला आपल्या लेकराची जागा सापडत नाही. तिला संताप येतो. पण काढायचा कुणावर? सगळेच भले.

रेब कालमान कापड घेऊन वाकले. हागितने दोन्ही हात पसरून पोराला आडोसा केला.

"थांबा. महाकायांचंच आहे हे."

अमोत्सनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मी मघापासून काय सांगतोय?"

म्हातारा तसाच वाकलेला राहिला. "आत्ता तर माणसाचं म्हणालीस."

"चुकले."

"कशावरून?"

"याच्या आईला ठाऊक होतं," हागित म्हणाली, "याला कुठे ठेवलंय ते."