दमणचा वेढा

"कुकर येणार नाही म्हणजे नाही!" प्रसन्न बायकोवर गरजला. उद्या मुलांना घेऊन दमणला निघायचं होतं आणि हॉलभर चकल्या, चिवडा, डाळ-तांदळाच्या पिशव्यांनी ठाण मांडलं होतं. "अगं उल्का, लोक तिथे मासे खायला जातात!"

उल्का पिशव्या भरतच राहिली. मग त्याने मुलांना इतिहासाचे डोस पाजायला घेतले. "दमणच्या किल्ल्याला मोगलांनी वेढा घातला होता. बसले, बसले आणि शेवटी हात हलवत परत गेले."

"का?" धाकटीने विचारलं.

"आतल्यांचं खाणं संपेचना, म्हणून..." प्रसन्नची नजर डाळ-तांदळाच्या पिशव्यांवर गेली.

उल्का गोड हसली. "आपली हॉटेलातली खोली किल्ल्याच्या आतच आहे ना रे?"

कुकर बॅगेत गेला. मग प्रसन्न उठला आणि ओट्यावर राहिलेली कुकरची शिट्टी घेऊन आला.