सगळ्याला सात

शाम्पूच्या पिंपात पीएच मीटर बुडवला, आकडा आला सात. पाच हवा, म्हणून सायट्रिक ॲसिड ओतलं. तरी सात. अजून ओतलं, सात! शेवटी वैतागून वाटीत लिंबू पिळलं, तर तेही सात. सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली, साधं पाणी! मीटरच बिघडला होता. सकाळपासून मी आंधळ्यासारखी ओतत होते. पिंपभर माल नासला. "मीटरला कुणी हात लावला?" मी ओरडले. निवृत्तीनंतर माझ्या छोट्या कारखान्यात मदतीला येणारे बाबा कौतुकाच्या अपेक्षेने पुढे आले. "मीच सांभाळतो गं. तू टोक ओलंच ठेवून जातेस. मी रोज पुसून, सुकवून डबीत ठेवतो." अहो, ते टोक ओलं राहिलं तरच चालतं, सुकलं की मेलं! शब्द ओठांवर आले, तेवढ्यात त्यांनी डबी उघडली. आत त्यांच्या चष्म्याचं मऊ फडकं अंथरलं होतं. "चिडलीस का गं?" त्यांनी विचारलं. मीही आकडा सातच दाखवला. "छे!"