ताण दिलेली बाग

शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेला मी दरवर्षी ताण देतो, म्हणजे महिनाभर पाणी तोडतो. झाडं सुकली की मगच बहर चांगला फुटतो. बाबांना हे कधी पटलं नाही. माझी पाठ फिरली की ते कळशीनं झाडांना पाणी घालत.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांची राख मी स्वतः बागेच्या मधोमध पुरली आणि अमरावतीच्या इंजिनिअरकडून वर काँक्रीटची समाधी बांधून घेतली. कळस नाही, नक्षी नाही, नुसती एक तिरपी, गुळगुळीत लादी. नागपूरचे साहेब मोटारीनं ती बघायला येतात. अख्ख्या वऱ्हाडात अशी दुसरी नाही.

यंदाही ताण दिला. सगळी बाग सुकली. समाधीलगतचं एक झाड तेवढं हिरवंगार राहिलं. त्याच्या बुंध्याशी चिखल होता.

"याले कोन पानी घालून राह्यलं?" मी बायकोला विचारलं.

"मोट तर तुमीच उतरवून ठेवली," जयवंता म्हणाली. "मले काहून इचारता?"

मला हसू आलं. "अवं, सिमिटाले घाम सुटते. हात लावून पाह्य."

तिला दाखवायला मीच भर दुपारी लादीवर तळहात टेकवला. वर्षभर उन्हात तापलेलं काँक्रीट भिजवलेल्या कणकेसारखं दबलं. हात उचलला, तर माझा पंजा त्यात खोल उमटला होता.

"अन् हा कोनाचा?" जयवंतानं विचारलं.

शेजारी दुसरा पंजा होता. तो खोल नव्हता. वर उठलेला होता, खालून कोणी हात टेकवावा तसा.